शिंपिणीचं मत

३ तारीख, सोमवार

मुलाने आज माझ्या तोंडाला कुलूप लावलं. निवडणूक होईपर्यंत जिन्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत कोणाशी काही बोलायचं नाही. झालं काय, तर परवा मी किराणावाल्याला म्हटलं, तुझा काटा तुझ्यासारखाच, पैसेवाला समोर आला की वाकतो. मला काय ठाऊक तो दुकानदारांचा म्होरक्या आहे आणि अर्धी गल्ली त्याला विचारून मत देते.

"आई, तू एकदा तोंड उघडलंस की माझं एकेक घर जातं," मुलगा म्हणाला.

"मग मला समोरच्यांच्या प्रचाराला पाठव. त्यांची जातील."

नात हसली. तो हसला नाही. नगरसेवक व्हायला निघाल्यापासून तो हसणं फोटोसाठी राखून ठेवतो. टायरचं दुकान आहे त्याचं. इतकी वर्षं चाकांत हवा भरली, आता माणसांत भरतो.

नातीने तिच्या ऑफिसात मिळालेली ही डायरी दिली. "आजी, जे बोलावंसं वाटेल ते इथे लिही. कोणी वाचणार नाही." माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून पळाली तसं. कोणी वाचायला घेतलं तरी डोळेच फुटतील.

५ तारीख, बुधवार

समोरच्या दाराची शिंपीण ही माझी जन्माची शेजारीण. दोघी एकाच वर्षी या मजल्यावर नांदायला आलो. आता तिचे डोळे गेले. काचबिंदू. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. तरी पॅंटी आखूड करायचं काम घेते, बोटांनी शिवण चाचपत. रोज सकाळी मी तिच्या सुया ओवून छोट्या उशीत ओळीने खोचून ठेवते, त्या तिला दिवसभर पुरतात. बाकी तिला काही लागत नाही. मदत केली की अंगावर येते.

आज सुया ओवताना म्हणाली, "बये, मत मी सिस्टरबाईला देणार. तुझ्या मुलाला सांगून टाक, मागाहून मला तोंड लपवायला नको."

सिस्टरबाई म्हणजे तळमजल्यावरच्या दवाखान्यातली नर्स. कुठल्या पक्षाची नाही, एकटीच उभी आहे. छत्री तिची खूण. मुलाची शिडी.

"का गं? माझ्या मुलाने काय घोडं मारलंय तुझं?"

"तो दवाखाना हलवणार."

"हलवणार म्हणजे बंद नाही करणार. मोठ्या रस्त्यापलीकडे चांगली जागा बघतोय."

"मोठा रस्ता मी कशी ओलांडू? रोज दोनदा औषध घालतात माझ्या डोळ्यांत. उजेड दिसतो तेवढा तरी राहू दे."

म्हटलं, मी नेईन की. तर म्हणते, तुला तुझे गुडघे नेत नाहीत, तू मला काय नेणार. आणि वर सिस्टरबाईचं कौतुक. सिस्टरबाईचा हात हलका, सिस्टरबाई थेंब घालते ते कळतसुद्धा नाही. मी इतकी वर्षं सुया ओवते, माझ्या हाताचं कधी नाव नाही निघालं.

मुलाला मी काही सांगितलं नाही.

८ तारीख, शनिवार

चष्मेवाला आला होता. मुलाच्या प्रचाराचा खर्च हाच बघतो. बांधकामं करतो म्हणे. स्वयंपाकघरात बसूनही काळा चष्मा काढत नाही, चहात साखर पडली की माशी हे त्याला कसं कळतं कोण जाणे. चहा पिऊन खाली गेला आणि दवाखान्याच्या भिंतीला लागून पावलं टाकत चालला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग मागच्या गल्लीत वळून. मी खिडकीतून बघत होते. मुलाला विचारलं, हा काय मोजतोय. "अगं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय त्याला."

असेल. पोट सुटलंय खरं.

सूनबाई चष्मेवाल्याच्या पुढ्यातून कप उचलताना एक अक्षर बोलली नाही. तशी ती कधीच बोलत नाही. सरळ बाई. इतकी सरळ की दाराला टेकवून ठेवावी. मुलगा प्रचारात घरोघर तिला सोबत नेतो, ती हात जोडते आणि गप्प उभी राहते. माझं तोंड बंद आणि हिला तोंडच नाही. बरा निघालाय प्रचार.

१२ तारीख, बुधवार

मुलगा रात्रंदिवस हिंडतोय. घसा बसला. आज जेवताना कागद पुढ्यात घेऊन आपल्या इमारतीतली एकेक खोली आठवत होता. ही आपली, ही त्यांची, ही पैसे घेऊनही त्यांची. शिंपिणीच्या खोलीशी आला तेव्हा पेन्सिल थांबली.

"मावशी कोणाला देणार?"

लहानपणी हा तिच्या मशिनखाली झोपायचा, चिंध्यांच्या ढिगात. मी कामाला जायचे तेव्हा तिनेच सांभाळला. शाळेचा गणवेश तिने शिवला, तोही मोजमाप न घेता. नजरेने.

मी म्हटलं, "तुलाच. आणखी कोणाला देणार?"

त्याने खूण केली. तोंड बंद ठेवायला सांगितलंय ना, ते असल्या वेळी का नाही राहत बंद.

१६ तारीख, रविवार

मतदान झालं. शिंपिणीला घेऊन गेले होते. गुडघे दुखतात. झोपते.

१७ तारीख, सोमवार

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. ही वही माझी आहे, इथेही खोटं लिहायचं तर मग जिन्यात काय वाईट होतं.

मतदान शाळेत होतं. ज्याला दिसत नाही त्याने सोबत कोणाला तरी न्यायचं आणि त्याच्याकडून बटण दाबून घ्यायचं, असा नियम आहे. शिंपिणीने मलाच नेलं. मी म्हटलं होतं, दुसरी कोणी बघ, माझा मुलगा उभा आहे. ती म्हणाली, "मुलगा तुझा. मत माझं. तू दोन्ही ओळखतेस."

तिथल्या बाबूने एक कागद मोठ्याने वाचून दाखवला. मतदार सांगेल तिथेच बटण दाबीन आणि कोणाला सांगणार नाही. खाली माझी सही. सही करताना मी ऐटीत होते. मागे रांग होती, सगळे बघत होते. शिंपिणीने माझ्यावर केवढा विश्वास टाकला.

पुठ्ठ्याच्या आडोशात मशीन. नावं एकाखाली एक. मुलगा वरून दुसरा, सिस्टरबाई सगळ्यांत खाली. शिंपिणीने तिचा हात माझ्या हातावर ठेवला, मनगटाच्या जरा पुढे. कात्री धरायला शिकवताना धरतात तसा. म्हणाली, "छत्री."

मी खाली न्यायला लागले होते. हे शपथेवर लिहिते. मग मुलाचा फोटो दिसला. तोच फोटो, दात दाखवणारा. आणि डोक्यात आलं, की तिच्या मांडीवर वाढलेला पोर हा, आणि ही त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाईला देते, जिला ओळखून वर्ष नाही झालं. हलका हात म्हणे. आणि माझा हात वर गेला.

दाबलं. शिटी वाजली.

तिने हात काढून घेतला नाही लगेच. थोडा वेळ तसाच होता.

घरी येताना शाळेच्या फाटकाशी म्हणाली, "बये, बटण वरच्या अंगाला होतं का गं?"

मी म्हटलं, "तुला काय दिसतं?"

हे मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण हाड नसलं तरी लाज असायला काय हरकत होती. ती माझा दंड धरून चालत राहिली, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

मशीन तिला दिसत नाही. तिला कसं कळणार वर की खाली. अंदाजाने विचारलं असेल.

१९ तारीख, बुधवार

सुया ओवायला गेले तर उशी भरलेली. सगळ्या सुयांत दोरा, ओळीने.

"कोणी ओवल्या?"

"सिस्टरबाई आली होती सकाळी. तिला म्हटलं, ओवून जा."

म्हणजे आता सुयाही सिस्टरबाईच ओवणार. मला आला राग. मी म्हटलं, बाई निवडणुकीला उभी आहे, मतदान झालं तरी तिची घरोघर सेवा संपत नाही का. शिंपीण पॅंटीची घडी घालत होती. म्हणाली, "तुझ्या गुडघ्यांना कशाला रोज ताण."

दोन पावलांचा तर व्हरांडा. गुडघे कसले दुखतात त्यात.

कृतघ्न म्हातारी. आणि मी तिच्या पायी इथे जिवाला लावून घेते आहे.

२० तारीख, गुरुवार

मोठा गोंधळ झाला. मतदानाच्या दिवशी सकाळी, माणसं यायच्या आधी, मशीन बरोबर चालतंय का हे बघायला चार बटणं दाबून बघतात आणि मग ती मतं पुसून टाकतात. आमच्या शाळेतल्या त्या खोलीतला बाबू पुसायलाच विसरला. त्यात आमच्या इमारतीची मतं मिसळली. आता किती जणांनी मत दिलं आणि मशीन किती दाखवतं, ते आकडे जुळत नाहीत. म्हणून त्या एका खोलीचं मतदान रद्द. येत्या रविवारी परत. तोवर सगळ्या वॉर्डाची मोजणी अडली.

मुलगा बाबूच्या नावाने खडे फोडत होता. चष्मेवाला फोनवर कोणावर तरी ओरडत होता. आणि मला, काय लिहू, मला देव भेटल्यासारखं झालं. पुसलं गेलं. माझं पाप सरकारी खर्चाने पुसलं गेलं. आता रविवारी तिला घेऊन जाईन, तिचा हात माझ्या हातावर असेल, आणि मी सरळ तळाशी नेईन. छत्री म्हटलं की छत्री. मग कोणाला सांगायची गरज नाही. झालं गेलं गंगेला मिळालं.

लगेच पलीकडे गेले. "ऐकलंस का? रविवारी परत जायचंय. मी नेते तुला. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत."

"बघू," ती म्हणाली.

म्हणजे येईल. ती कधी सरळ हो म्हणत नाही.

२२ तारीख, शनिवार

मुलगा आज रडला. आत्तापर्यंत टेबलावर डोकं ठेवून बसला होता. हरलो तर दुकान जाईल म्हणतो. चष्मेवाल्याला शब्द दिलाय, काय शब्द ते सांगत नाही. मी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "आई, आपल्या इमारतीचीच मतं परत. मावशीचं तरी नक्की आहे ना?"

मी म्हटलं, नक्की.

आता इकडे आड, तिकडे विहीर. एकाला खोटं सांगितलं तरच दुसरीशी खरं वागता येईल. ठरवलंय तसंच करणार. पोटचा आहे, रडू दे. टायरची दुकानं चालतातच.

२३ तारीख, रविवार

लवकर उठून तयार झाले. नवी चप्पल घातली. शिंपिणीचं दार बंद.

वाटलं, आत पडली की काय. दार वाजवलं, हाका मारल्या. मग शेजारचा पेंटर बनियनवर बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, त्या मघाच गेल्या मतदानाला. तुमच्या सूनबाईंबरोबर."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. नवी चप्पल घालून.

दोघी आल्या. शिंपीण सूनबाईचा दंड धरून वर चढत होती. मी तिथेच आहे हे तिला कळलं, कसं कोण जाणे, श्वासावरून असेल. म्हणाली, "बसलीस होय. मी म्हटलं तुझे गुडघे, कशाला तुला दोनदा हेलपाटा." आणि दार उघडून आत गेली. दार लोटलं नाही, पण ये असंही म्हणाली नाही.

सूनबाईला मी स्वयंपाकघरात गाठलं.

"कुठे दाबलंस?"

"आई, ते सांगायचं नसतं."

"मला सांग. मी कोण परकी आहे?"

ती भांडी लावत होती. जरा थांबून म्हणाली, "त्यांनी सांगितलं तिथे."

"छत्री?"

काही बोलली नाही. म्हणजे छत्रीच.

"तुझा नवरा उभा आहे."

"माझं मत त्यांनाच दिलं की. ते माझं होतं." मग वाटी पुसता पुसता म्हणाली, "आणि सही करून घेतात ना, आई."

एवढंच. टोमणा नव्हता. तिला काही ठाऊकही नाही. ठाऊक असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. जिला मी दाराला टेकवून ठेवत होते, तिने साधी सही पाळली. मी बडबडी, सगळ्या गल्लीच्या तराजूंचा हिशेब ठेवणारी, माझाच काटा झुकला.

दुपारी मी माझं मत द्यायला गेले. एकटी. मशीनसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या हातावर कोणाचा हात नव्हता. शिडीच दाबली. खोटं कशाला लिहू, पोटचा आहे. पण त्या वेळी कळलं, की ते बटण मनगट वर वळवल्याशिवाय दाबताच येत नाही. खालच्या बटणाला मनगट खाली जातं. डोळे मिटलेल्या माणसालाही कळेल. जिने जन्मभर दुसऱ्यांचे हात धरून कापड कापायला शिकवलं तिला तर पहिल्याच दिवशी कळलं असणार.

फाटकाशी ती अंदाजाने विचारत नव्हती. मी खरं सांगते का ते बघत होती.

२५ तारीख, मंगळवार

मुलगा निवडून आला. चांगल्या फरकाने. शिंपिणीच्या एका मताने काही अडलं नव्हतं. आधीही नाही, आताही नाही. फुकट गेलं सगळं.

घर माणसांनी भरलंय. चष्मेवाल्याने पेढ्यांऐवजी केक आणलाय, त्यावर शिडी. किराणावाला येऊन माझ्या पाया पडला, म्हणाला, आजी, आता आमच्यावर लक्ष असू द्या. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "आता बोल आई, काय बोलायचं ते बोल, सुटलीस तू."

सगळे हसून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, केक कापा, पंख्याने सुकतोय.

मग मुलाला बाजूला घेऊन विचारलं, दवाखाना पलीकडे कधी नेणार, जागा कुठे बघितली आहेस. तो म्हणाला, "बघू गं. आजच काय त्याचं." त्याच्या त्या बघूचा अर्थ मी एरवी लावला नसता. गेल्या गुरुवारी एक बघू ऐकला आहे, त्यामुळे आता लागतो.

२६ तारीख, बुधवार

सकाळी पलीकडे गेले. सुया ओवलेल्या होत्या. खाली बसवत नाही म्हणून उभीच राहिले आणि म्हटलं, "मी तुझं मत खाल्लं. पहिल्या वेळी. छत्री म्हणालीस आणि मी शिडी दाबली."

"माहीत आहे," ती म्हणाली. दात लावून दोरा तोडला.

"मग तिथेच ओरडायचं होतंस. बाबू होता, पोलीस होता."

"ओरडले असते तर तुला धरून नेलं असतं." पॅंट झटकली, घडी घातली. "मग मला घरी कोणी आणलं असतं?"

मला हसू आलं. ती हसत नव्हती. मग विनोद नव्हता तो, नुसता हिशेब होता. रस्ता ओलांडेपर्यंत मी तिला हवी होते.

म्हटलं, "शिव्या दे. काहीतरी बोल."

"मी काय बोलू? मत रद्दच झालं ते."

"रद्द मशीनमधलं झालं."

तिने दुसरी पॅंट मांडीवर ओढली. मी म्हटलं, दवाखाना हलला तर रोज दोन्ही वेळा मी तुला नेईन, टॅक्सी करीन, मुलाच्या पैशाने. ती म्हणाली, "हलेल तेव्हा बघू. आता खाली आहे तोवर थेंब घालून येते." आणि काठी शोधायला लागली. काठी माझ्या पायाशी होती. मी उचलून हातात दिली.

जिन्यापाशी मी दंड पुढे केला. ती मला कोपराच्या वर धरते, नेहमीची जागा आहे. तिला दिसत नाही, पण दंड कुठे आहे ते कळतं. तिने कठडा धरला.

जिना अरुंद आहे, दोघींना शेजारी शेजारी उतरायला जागा नाही, असं मी मनाला सांगितलं. इतकी वर्षं उतरत होतो.